लेकराच्या गालावरची लाल गाठ



भाताच्या रोपांत पाखड उगवली, की कोवळेपणी दोन्ही सारखीच दिसतात. ओळखल्याशिवाय उपटायला गेले तर नुकसान आपलेच. तान्ह्या बाळाच्या तोंडावर किंवा मानेवर येणाऱ्या लाल-जांभळ्या गाठीचेही तसेच आहे.

अशा बहुतेक गाठी रक्तवाहिन्यांच्या असतात. त्यांच्या मुख्य जाती दोन. पहिली जन्मानंतर काही आठवड्यांत दिसते, पहिले पाच महिने झपाट्याने वाढते आणि वर्षानंतर हळूहळू ओसरते. दुसरी म्हणजे रक्तवाहिन्यांच्या घडणीतला जन्मजात दोष. ती मुलाबरोबर वाढते, आपोआप जात नाही.

पाहून उलगडा झाला नाही, तर डॉक्टर गाठीचा बारीक तुकडा तपासायला पाठवतात. पहिल्या जातीच्या रक्तवाहिन्यांत ग्लुट-१ नावाचे प्रथिन सापडते, दुसरीच्या नाही. ही खूण २००० साली प्रसिद्ध झाली.

ओळख पटण्याला महत्त्व का? पहिल्या जातीवर प्रोप्रानोलॉल हे औषध गुणकारी ठरते, हे २००८ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी दाखवून दिले. दुसरीचे उपचार वेगळे. हे औषध मात्र डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय देऊ नका.

गाठीला डाग देऊ नका, पाला बांधू नका. ‘ग्रहण पाळले नाही’ म्हणून सुनेला बोल लावू नका. बाळ महिन्याचे होण्याआधीच दवाखान्यात दाखवा. गाठ डोळ्याजवळ असेल, चिघळली असेल किंवा श्वासाला घरघर लागली असेल, तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी निघा.