वीज बंद पडली असता घरचा वायू

मुंबईच्या उपनगरांत वीज सहसा जात नाही, असा आपला समज असतो व तो बराचसा खराही आहे. परंतु २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा सुरक्षिततेसाठी उपनगरांच्या मोठ्या भागातील वीज बंद ठेवावी लागली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडमध्ये बिघाड झाला आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. अशा प्रसंगी सर्वांना प्रथम आठवण होते ती डिझेल जनित्राची. आमच्या मते ज्याच्या दारात चार जनावरे आहेत, त्याने ही आठवण थोडी बाजूस ठेवावी.

वर्षातून दोनदा लागणारे यंत्र नेमके त्या दोन दिवशी चालत नाही, हा अनुभव कोणास नाही? इंधन शिळे झालेले असते, बॅटरी उतरलेली असते. गोबर वायूची चूल मात्र रोज पेटते. म्हणून ती अडचणीच्या रात्रीही पेटते.

ही कल्पना मुंबईला नवी नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतील वायू गोळा करून वापरला जात होता. पुढे ज्याचे मुख्य कार्यालय विलेपार्ल्यास आहे, त्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतरच्या काळात जशभाई पटेल यांच्या तरंगत्या टोपीच्या नमुन्याचा देशभर प्रसार केला. बोरिवलीच्या कोरा केंद्रातही या विषयावर काम झाले. असे असूनही आज उपनगरांतील अनेक तबेल्यांचे शेण नाल्यांतून दहिसर, ओशिवरा यांसारख्या नद्यांत जाते, ही खेदाची गोष्ट होय.

दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. एवढे शेण तीन-चार म्हशी सहज देतात. माणशी पाव घनमीटर धरल्यास पाच माणसांच्या स्वयंपाकास सव्वा घनमीटर वायू पुरतो. उरलेल्या पाऊण घनमीटरवर वायूची एक बत्ती पाच-सहा तास जळू शकते. याच दोन घनमीटरची वीज केली तर जेमतेम अडीच-तीन युनिट हाती येतात. बाकीची बहुतेक शक्ती इंजिनाच्या उष्णतेत व धुरात जाते. तेव्हा लहान कुटुंबाने वायूपासून वीज करण्याच्या फंदात पडू नये. वायू चुलीसाठी ठेवावा आणि दोन एलईडी दिव्यांसाठी सूर्यशक्तीचे छोटे पॅनेल व बॅटरी घ्यावी. हे काहींना साधे वाटेल. पण साधेच टिकते.

पन्नास म्हशींच्या तबेल्याची गोष्ट वेगळी. तेथे रोज सुमारे ७५० किलो शेण, म्हणजे तीसएक घनमीटर वायू मिळू शकतो. वीज गेली की दूध तापते आणि नासते. दिवसाचे सारे उत्पन्न गटारात जाते. चारशे लिटर दूध थंड करण्यास लागणारी वीज एवढ्या वायूवर चालणारे इंजिन देऊ शकते. इंजिनाच्या थंडाव्याचे जे गरम पाणी निघते, ते कॅन धुण्यास किंवा शेणकाल्यात मिसळण्यास वापरावे. वायूतील गंधकयुक्त अंश लोखंडाच्या किसातून गाळून काढावा, नाहीतर इंजिन लवकर खराब होते. जनित्र कोणतेही असो, ते राहत्या खोलीत किंवा बंद गोठ्यात चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो.

ग्रामसेवक बंधूंना एक स्पष्ट गोष्ट सांगावीशी वाटते. बांधलेल्या संयंत्रांची संख्या वहीत लिहिणे सोपे आहे. परंतु लोखंडी टोपीला रंग न दिल्याने ती गंजते, नळीत पाणी साचून ज्योत विझते, आणि मग घरधनी पुन्हा लाकडाकडे वळतो. भेटीस जाल तेव्हा अनुदानाचा कागद पाहण्याआधी घरच्या बाईंना विचारावे की आज सकाळचा चहा कशावर झाला.

जागेची निवड करताना २००५ चा पूर विसरू नये. नाल्याकाठच्या सखल जागी संयंत्र बांधल्यास पुराचे पाणी शेण घालण्याच्या कुंडीतून आत शिरते, काला पातळ होतो आणि वायू पुन्हा नीट सुरू होण्यास काही आठवडे जातात. कुंडीचा काठ मागील पुराच्या खुणेपेक्षा उंच घ्यावा व पावसाळ्यात तीवर झाकण ठेवावे.