पी हळद नि हो गोरी!

उतावळ्या माणसाला आपल्याकडे 'पी हळद नि हो गोरी' ही म्हण ऐकवतात. गेल्या वर्षी ती मला माझ्या थोरल्या बहिणीला ऐकवायची होती. पण धीर झाला नाही. तो धीर झाला असता तर बरे झाले असते, असे आता वाटते.

ताईला आमवात आहे. डॉक्टरांची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आणि दर काही महिन्यांनी रक्ततपासणी, असे तिचे बरे चालले होते. मग कुणीतरी तिला एक बाटली आणून दिली. लेबलावर मोठ्या अक्षरांत 'नॅनो' आणि खाली 'हळदीचा अर्क थेट पेशींपर्यंत'. किंमत डॉक्टरांच्या महिन्याच्या औषधांहून अधिक. ताईने ती सुरू केली आणि डॉक्टरांची गोळी बंद केली. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाली, ''अरे, हळदच तर आहे. हळदीने कधी कुणाचं वाईट झालंय का?'' चार महिन्यांनी तिला भाकरी थापता येईना. पुन्हा डॉक्टर, पुन्हा गोळी. सूज उतरली, पण उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली ती झालीच.

रागाच्या भरात मी ठरवले होते की, या 'नॅनो' प्रकरणावर झोड उठवायची. पण वाचू लागलो आणि पंचाईत झाली. कारण त्यामागचे शास्त्र थोतांड नाही, चांगले भक्कम आहे.

हळदीला पिवळेपण देणारा मुख्य घटक म्हणजे करक्युमिन. शंभर ग्रॅम हळदीत तो साधारण तीन ग्रॅम असतो. १८१५ साली तो प्रथम वेगळा काढण्यात आला. प्रयोगशाळेत पेशींवर टाकला की सूज आणि दाह वाढवणारे पेशींमधले संदेश तो मंदावतो, असे असंख्य प्रयोगांत दिसले आहे. अडचण आहे ती पुढेच. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. पोटात गेलेला बहुतेक तसाच बाहेर पडतो आणि जो थोडा आतड्यातून आत शिरतो, त्याचे रूप यकृत झटपट पालटून टाकते. प्रयोगशाळेतल्या बशीत जो पराक्रम दिसतो, तो सांध्यापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून त्याला वाहन हवे. ते सापडले एका निराळ्याच कामात. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथील संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम हे शास्त्रज्ञ पेशींच्या आवरणातील मेदाचा अभ्यास करीत होते. या मेदाच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते आणि शेपटी पाण्यापासून पळते. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते शेपट्या आत लपवून दुपदरी भिंत करतात आणि ती भिंत आपोआप मिटून गोल पिशवी होते. हेच लायपोसोम. औषधासाठी वापरतात ते बहुधा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे असतात. करंजीचे सारण पोटात असते. करक्युमिन मात्र या करंजीच्या पारीतच मुरते, कारण त्याला मेदच मानवतो. पेशीचे आवरणही अशाच मेदाचे असल्याने पेशी या पिशवीला सहसा परकी मानत नाही, तिला कवेत घेऊन आत ओढते. दाह पेटवणाऱ्या भक्षक पेशी तर असे कण गिळण्यात पटाईत. म्हणूनच संशोधकांना ही वाट मोलाची वाटते.

या वाहनाची कसोटी इतर औषधांनी घेऊन झाली आहे. अमेरिकेत १९९५ साली कर्करोगावरचे एक औषध लायपोसोममधून देण्यास मान्यता मिळाली. आपल्या मुंबईतही केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातील संशोधकांच्या साथीने बुरशीवरचे अ‍ॅम्फोटेरिसिन लायपोसोममध्ये बसवून रुग्णांवर पारखले. नुसते अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडांना जाचते. मेदाच्या पिशवीतून दिले की तो जाच कमी होतो. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत ज्या घरांनी या इंजेक्शनांसाठी रात्री-अपरात्री शहर पालथे घातले, त्यांना लायपोसोमचे मोल मी काय सांगावे?

मग हळदीचे काय? इथे माझे म्हणणे सुरू होते. वाहन बदलले की हळद ही स्वयंपाकघरातली हळद राहत नाही. ती औषध होते. फोडणीतल्या चिमूटभर हळदीच्या निरुपद्रवीपणाची पुण्याई त्या बाटलीला उसनी देता येत नाही. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले की मिऱ्यातील पायपरीन सोबत दिले तर रक्तात पोहोचणारे करक्युमिन सुमारे वीसपट वाढते. किती आनंदाने आपण ते ऐकले! पण २०२२ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी हळदीच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची हकीकत मांडली. त्यांतला एक दगावला. काही गोळ्यांत मिऱ्याचा अर्कही सापडला. व्हिएन्नात निरोगी माणसांना शिरेतून लायपोसोममधले करक्युमिन दिले गेले, तेव्हा ठरावीक मात्रेपलीकडे तांबड्या रक्तपेशींचा आकार काही काळ बदललेला दिसला. पोहोचू लागले की भले पोहोचते, तसे बुरेही पोहोचते. आणि कोणत्याही वाहनातून दिलेले करक्युमिन आमवाताच्या नेहमीच्या औषधाची जागा घेते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

'आमच्या आजीला हे ठाऊक होते' हा युक्तिवाद येथे पुरत नाही. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. ते डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुन्या ग्रंथांच्या आधारे लढून १९९७ साली रद्द करवले, याचा मला अभिमान आहे. पण तेथे सिद्ध झाले ते एवढेच की हे ज्ञान नवे नाही. लायपोसोममधली हळद मात्र नवी आहे. नव्या वस्तूला पुरावाही नवाच हवा.

तो आज मागितला जात नाही. अन्नपूरक म्हणून विकली जाणारी बाटली अन्नसुरक्षा कायद्याखाली येते, औषधांच्या कायद्याखाली नव्हे. पेशींपर्यंत पोहोचण्याची हमी देणाऱ्याने ती माणसांवर तपासून दाखवावी, आत काय आणि किती आहे ते छापावे आणि 'चालू औषध बंद करू नका' हे 'नॅनो'इतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. एवढे मागणे जास्त नाही. घरच्यांनीही अशी बाटली आधी डॉक्टरांपुढे ठेवावी.

परवा ताईकडे जेवायला गेलो होतो. भाकऱ्या सुनेने केल्या होत्या. ताईने वरणाला फोडणी दिली, त्यात डाव्या हाताने चिमूटभर हळद टाकली आणि म्हणाली, ''एवढी चालेल ना रे?''

चालेल, ताई. एवढी नक्की चालेल.