विचारून घ्यावे



उपाहारगृहात बसलो की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कांदा-लसूण आहे का? बटाटा घालता का?" हे विचारताना आपल्याला संकोच वाटत नाही. मग हाच धीटपणा योगवर्गात कोठे नाहीसा होतो? हा प्रश्न मला फार उशिरा पडला आणि त्याची किंमत माझ्या उजव्या पायाने मोजली.

पश्चिमोत्तानासन चालू होते. शेजारच्या तरुणीचे कपाळ सहज गुडघ्यांना टेकले होते. माझे चार बोटे दूर होते. शिक्षकांनी पाठीवर हात ठेवून हलकेच दाबले. "पुरे" हा शब्द ओठांवर आला होता. पण त्रेपन्नाव्या वर्षी मागे राहण्याची लाज आड आली. बैठकीच्या हाडापाशी काहीतरी ओढले गेले. दुसऱ्या दिवसापासून मी दुसरी चूक केली. आखडले आहे, तर ताणून मोकळे होईल, अशा समजुतीने तीन आठवडे तोच पाय ताणत राहिले. शेवटी सामायिकाच्या 48 मिनिटांपैकी दहा मिनिटेही आसनावर बसवेना, तेव्हा उपचार घ्यायला गेले.

फिजिओथेरपिस्टनी समजावले ते असे : मांडीच्या मागचे स्नायू ज्या कंडरेने बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात, ती कंडरा दुखावली होती. आपण खोलवर पुढे वाकतो तेव्हा ती हाडावर दाबली जाते. म्हणजे मी ज्याला उपचार समजत होते, तोच अपाय होता. कंडरेला स्नायूपेक्षा रक्तपुरवठा कमी, म्हणून ती भरून येण्यास आठवडे नव्हे, महिने लागतात. मात्र नुसती विश्रांतीही पुरत नाही; भार थोडाथोडा वाढवत न्यावा लागतो. मला सांगितले ते एवढेच : पुढे वाकणे बंद, सेतुबंधासनात 30 ते 45 सेकंद स्थिर राहणे आणि सपाट रस्त्यावर चालणे. जिने आणि चढ नंतर. व्यायामानंतरची दुखरी जाणीव 24 तासांत निवळली तर मात्रा योग्य. रेंगाळली तर ती कमी करावी. वाचकांनी माझा व्यायाम उचलू नये. आपापल्या दुखण्याचे निदान आधी करून घ्यावे. दुखापतीच्या क्षणी 'कट्' असा आवाज झाला, मांडी काळीनिळी पडली, पायावर भार देववेना किंवा पाय बधिर वाटू लागला, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे जावे.

सामायिक मी खुर्चीवर करू लागले. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, समता मनाला हवी. खुर्चीने काय बिघडतं?" आमच्याच पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या यांचा आधार आसनांना दिला आणि तो जगभर स्वीकारला गेला. हे ठाऊक असूनही मला स्वतःसाठी खुर्ची ओढून घेताना कमीपणा वाटत होता. पतंजलींच्या अष्टांगयोगात आसनाचे स्थान तिसरे आहे. पहिले स्थान यमांचे आणि यमांत सर्वांत आधी अहिंसा. ते पाच यम म्हणजे नावानिशी आपलीच पाच व्रते. मुंगी वाचवून पाऊल टाकणारी मी, स्वतःच्या देहाशी मात्र ईर्षेने वागले होते.

चालण्याचा व्यायाम सुरू झाला तशी लेक सोबत येऊ लागली. बिबवेवाडीतील आमच्या घरापासून चौकातले उडुपी हॉटेल पाचसातशे पावलांवर आहे. तेच आमचे उद्दिष्ट ठरले. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे असल्याने आम्ही पाचलाच पोहोचत असू. लेक दोन वर्षांपासून व्हीगन आहे. दूध, दही, तूप, मध काहीच घेत नाही. तिचे प्रश्न सुरू झाले की पूर्वी मी खजील होऊन मेनूकार्डात तोंड लपवीत असे.

"काका, नारळाच्या चटणीत दही असतं का?"

"असतं. पण तुमच्यासाठी दही घालायच्या आधी वाटीभर काढून ठेवू."

"आणि तव्यावर लोणी फिरवता?"

"पुसून तेल लावू की, त्यात काय एवढं!"

बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी आमच्यासाठी तेथे आधीपासून होतीच. पाहता पाहता समोर आमच्या दोघींच्या नियमांत बसणारा डोसा आला. लेकीच्या तीन प्रश्नांनी कोणी रागावले नव्हते. मी "पुरे" म्हटले असते, तर शिक्षक तरी का रागावले असते?

अशा घरांतील वाचकांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी. उपमा बहुधा तुपातला असतो, थालीपिठावर लोणी येते. आधी सांगितले तर दोन्ही तेलावर मिळतात. सोलकढी नारळाच्या दुधाची, पण तीत लसूण असू शकते. साबुदाणा कंदापासून होतो, हे कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दही नसल्याने द्विदलाचा प्रश्न मात्र आपोआप मिटतो. घरी डाळी, शेंगदाणे आणि टोफू यांतून प्रथिने मिळतात; बी-12 जीवनसत्त्व वनस्पतीजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही, तेव्हा त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

सहा महिन्यांनी वर्गात परतले. पहिल्याच दिवशी शिक्षकांना म्हणाले, "मी गुडघे वाकवून करीन, आणि पाठ दाबू नका." त्यांनी काही न बोलता घडी घातलेली चादर आणून दिली आणि म्हणाले, "हे तेव्हाच सांगायचं होतंत."

कपाळ अजूनही गुडघ्यांपासून चार बोटे दूर आहे. परतताना चौकात थांबलो. दह्याविना चटणीची वाटी काढून ठेवलेली होती. त्या दिवशी विचारावेही लागले नाही.