खांबाखालचं सोयाबीन



सोयाबीन काढायला आलंय. सगळं रान पिवळं पडून पानं गळाली, पण रस्त्याकडच्या कोपऱ्यातल्या चार-पाच ओळी अजून हिरव्यागार. बियाणं तेच, पेरणी एकाच दिवसाची. फरक एवढाच की तिथं खांबावर दिवा रात्रभर जळतो. सोयाबीनला फुलावर येऊन पिकायला सलग अंधारी रात्र लागते. ती मोडली की झाड नुसतं पाल्यावर राहतं.

मागच्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. उसाला पाणी देऊन एक वाजता घरी आलो, तर पोराच्या पांघरुणात उजेड! दहावीला आहे. सकाळी उठवलं की अंगावर येतो, जेवताना बोलत नाही. आळशी झालाय म्हणून मी रोज ओरडायचो. आळशी कसला, झोपच नाही त्याला. डॉक्टर सांगतात, या वयाला ८ ते १० तास झोप लागते.

फोन दिला कोणी? मीच. २०२० ला शाळा बंद झाल्या, पोरगं पाचवीत होतं, सोयाबीनच्या पट्टीतून घेतला. मग त्याला एकट्याला दोष कसा द्यायचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या पोरांना मोबाईल बंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं दुसरी वाट धरली. संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा. तळमळ दोन्ही गावांची खरी. पण मला वडगावचं पटतं, कारण तिथला भोंगा बापासाठीबी वाजतो.

आम्ही घरात तेच धरलंय. ७ ते साडेआठ सगळ्यांचे फोन देवळीत, आन रात्री १० ला परत तिथंच. पहिल्या दिवशी पोरगं गप बसलं. बाजारभाव बघायला खिशाकडं हात गेला तो माझाच, तेबी चार वेळा.

चौथ्या दिवशी पोरगं आपणहून बोललं. वर्गाच्या ग्रुपवर त्याच्या फोटोची टिंगल चालली होती. महिनाभर रात्री तेच वाचत पडायचं. महिनाभर! आन मी समोरच बसून फोन बघत होतो. त्यानं सांगायचं कोणाला?

आपला अणदूरचा खंडोबा पावणेदोन महिने नळदुर्गाला जातो आन ठरल्याप्रमाणं परत येतो. देवाचा मुक्काम आपण ठरवून पाळतो, मग फोनचा का नको? भोंग्याचा विषय येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. पटत असेल तर या. तोवर आपापल्या घरी सुरू करा, पण पहिला फोन बापानं ठेवायचा.

बाकी रान उद्या काढतोय. त्या हिरव्या ओळी मागं ठेवल्यात. थोडा वेळ लागंल, पण काढू.