शनिवारचा क्लास बुडला तर बुडू दे

"सर या शनिवारीही नाहीत. कुठेतरी कार्यक्रम आहे म्हणे. मग आपण पूर्ण फी का भरायची?" गाण्याच्या क्लासबाहेर ताटकळणाऱ्या पालकांचं हे आवडतं वाक्य. बोलणारे बहुतेक आपलेच, आयटीवाले. आपण ऑनसाइटला गेलो की करिअर, गवई मैफलीला गेला की खाडा!

जरा हिशेब करू. पुरुष गवयाचा स्वर साधारण काळी एकच्या आसपास. शिकणाऱ्या मुली काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या. संध्याकाळी पाच ते नऊ बॅचेस घ्यायच्या म्हणजे चार तास परक्या स्वरात गाऊन दाखवायचं. रात्री स्वतःच्या तंबोऱ्यापुढे बसायला गळ्यात उरणार काय? दहा वर्षं हेच चाललं की मुलं परीक्षा पास होतात, पण सरांचं गाणं संपतं.

"संपू दे की, शिकवतात ना नीट?" नाही हो, तिथेच घोळ आहे. बंदिशी तर भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांत नोटेशनसकट छापून ठेवल्यात. पण तबलजीने लय चढवली तर काय करायचं, आवाज लागत नसेल त्या दिवशी राग कसा सावरायचा, हे पुस्तकात नाही. ते मैफलीत बसणाऱ्यालाच माहीत असतं, आणि बसणं सुटलं की तोही विसरतो.

आता दुसरी बाजू. 'ज्याला गाता येत नाही तो शिकवतो' हेही तितकंच भंपक. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढणारे भास्करबुवा बखले मैफली गाजवत होते आणि मास्तर कृष्णराव, बालगंधर्वांना तालीमही देत होते. शिकवल्याने गाणं बिघडत नाही, उलट तपासून निघतं. एखादी चुणचुणीत पोरगी विचारते, "भूप आणि देशकारात स्वर तेच पाच, मग राग दोन कसे?" एकात गंधाराला मान, दुसऱ्यात धैवताला, हे तोंडपाठ उत्तर तिला पुरत नाही. मग सरांना दोन्ही राग गाऊन दाखवावे लागतात, आणि सवयीने घेतलेली एखादी जागा नेमकी का घेतो याचा स्वतःलाच जाब द्यावा लागतो. असा रियाज एकट्याने होत नाही.

म्हणून गवय्यांनो, शिकवा, पण बॅचेस कमी करा आणि मुलं स्वराप्रमाणे बसवा. पोटाला कमी पडत असेल तर बॅच वाढवू नका, सरळ फी वाढवा.

आणि मंडळी, आपण? पगारी रजेचा हक्क आपल्याला ठाऊक आहे, तो सरांनाही द्या. कार्यक्रम कुठे आहे ते विचारा, पोरांना घेऊन जा, तिकीट काढून. सर समेवर कसे येतात ते त्यांना समोर बसून पाहू दे. आणि महिन्याची फी पूर्ण भरा.