खंजिरी कुणाच्या हातात?

वाकडमधल्या एका बांधकामावर, पत्र्याच्या खोल्यांची रांग संपते तिथे, दर शनिवारी सकाळी आमचा वर्ग भरायचा. सामान म्हणजे सतरंजी, ठोकळ्यांची पिशवी आणि एक खंजिरी. तीन ते सहा वयाची वीसेक मुलं, कुणी परभणीकडचं, कुणी कलबुर्गीचं, कुणी थेट छत्तीसगडचं. शिकवायला यायची हिंजवडीतल्या कंपन्यांमधली तरुण मंडळी, आणि त्यांची प्रमुख मी. बालवाडीत केस पांढरे केलेल्या बाईला प्रमुखपण काय शिकायचंय, अशी माझी समजूत होती.

एका शनिवारी नवा दादा चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगत होता. आवाज सपाट, नजर जमिनीकडे. मागे दोघांची ठोकळ्यांवरून जुंपली, एक पोर उठून सळयांच्या ढिगाकडे निघालं. मी पुढे झाले, दादाच्या हातातली खंजिरी घेतली आणि वाजवली. दोन मिनिटांत वर्ग माझा झाला. दादा पत्र्याला टेकून पाहुण्यासारखा उभा राहिला. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. "दादा गावाला गेला?" एका मुलीने विचारलं. साइट संपली की शेजारची खोली रिकामी होते, हे तिला पाठ होतं.

त्या दिवशी मी सळयांकडे निघालेल्या पोराला उचलून आणायचं होतं. खंजिरी दादाकडेच राहू द्यायची होती. गोष्ट रेंगाळली असती, दोन मुलं रडली असती, पण दादा टिकला असता.

शिकवणं हातात मुरलेल्या आपल्यासारख्यांना हेच जमत नाही. बालशिक्षणाचं काम उभारणाऱ्या ताराबाई मोडकांना ते जमलं होतं. 1945 मध्ये बोर्डीत त्यांनी अनुताई वाघांना सोबत घेतलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द रुळला. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. 1973 मध्ये ताराबाई गेल्या तेव्हा काम थांबलं नाही, कारण ते कधीच अनुताईंचं झालं होतं. 1992 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्यांनी ते ओढलं. ताराबाईंची चरित्रं आपण वाचतो ती त्यांच्या पद्धतीसाठी. मला आता त्यातलं हे सोपवणं जास्त मोठं वाटतं.

स्वयंसेवकांची संख्या हा दुसरा मोह. एका कंपनीने एकदा एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले चाळीस जण पाठवले. फुगे, वेफर्स, फोटो. दुपारी सतरंजी झाडताना मुलं चिडचिडी का झालीत, ते कळत होतं. चार वर्षांच्या मुलाला चाळीस चेहरे नको असतात. त्याला शनिवारमागून शनिवार एकच चेहरा हवा असतो, आपलं नाव नीट घेणारा. तेव्हापासून आम्ही वर्गाला दोघंच ठेवतो आणि तिसरा बदलीचा, तोही मुलांच्या ओळखीचा. सहा महिने येणार असाल तर या, असं आधीच सांगतो. निम्मे इथेच गळतात. गळू द्यावेत.

वर्ग संपल्यावर दहा मिनिटं बसतो. "कसं झालं?" असं विचारलं की "छान" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून आम्ही विचारतो, "आज कोण एकदाही बोललं नाही?" पहिल्या महिन्यात कुणाला नाव आठवत नाही. तिसऱ्या महिन्यात स्वयंसेवक आपणहून सांगतात, "ताई, ती लाल फ्रॉकवाली आज पहिल्यांदा हसली."

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या. शनिवारची हौस ही रोजच्या बालवाडीची जागा घेऊ शकत नाही. मुंबईत 1988 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुणे-पिंपरी-चिंचवडच्या बांधकामांवर पोचलेल्या डोअर स्टेप स्कूल संस्थेची शिक्षिका असो की आपली अंगणवाडी सेविका, रोज येणारी, पगार किंवा मानधन घेणारी, प्रशिक्षण झालेली बाईच मुलाचा पाया घालते. स्वयंसेवकांच्या प्रमुखाने आधी तिला विचारावं, काय हवंय म्हणून. बहुतेकदा तिला गाणं म्हणणारं कुणी नको असतं, रजिस्टर भरू लागणारं हवं असतं.

वाचकहो, गेल्या वर्षात तुमच्या गटातून कोण कोण गेलं? त्यांना फोन करा, का गेलात ते विचारा, आणि जे ऐकाल ते दोन पानांत आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.