देशोदेशीची ताटे : खाडीकाठची शिदोरी

प्रवासास निघालेल्या माणसाच्या हाती शिदोरी देण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. शिदोरी दोन मुक्कामांत संपते, फडके झटकून त्याची घडी घातली जाते. परंतु जिभेने बरोबर नेलेली चव मात्र तशी संपत नाही. परमुलखात ती नवी चूल शोधते, मिळेल त्या धान्याशी जुळवून घेते आणि पुष्कळदा भाषा विसरली गेल्यावरही मागे उरते. या स्मरणिकेच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून पोर्ट लुई बंदरात उतरलेल्या गिरमिटियांपासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लक्ष माणसे मॉरिशसच्या किनाऱ्यास लागली. काही तेथे राहिली, काही तेथून पुढच्या वसाहतींत गेली. ज्या आप्रवासी घाटावर ती उतरली, त्याच्या अवशेषांत माणसांच्या पडव्यांशेजारी स्वयंपाकघरांचे अवशेषही आजवर उभे आहेत. करारनाम्यात पगाराच्या जोडीने तांदूळ, डाळ आणि मीठ यांचा शिधा लिहिलेला असे. म्हणजे त्या कागदावर मजुराच्या घामाइतकेच त्याचे ताटही नोंदलेले होते.

अशाच एका गिरमिटिया घराण्यातील, वाकवा गावचे एक निवृत्त मराठी शिक्षक नुकतेच कन्येकडे दुबईस प्रथमच येऊन गेले. सारेजण त्यांस गुरुजी म्हणतात. येथेही तेच नाव पुरे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यांत पणजोबांच्या नावापुढे ‘रत्नागिरी’ हा जिल्हा लिहिलेला गुरुजींनी पाहिला होता. त्या जिल्ह्यात त्यांचे पाऊल कधी पडले नव्हते. त्यांची मराठी पाठ्यपुस्तकांतून आलेली, स्वच्छ आणि किंचित जुन्या वळणाची; घरात व्यवहार क्रिओलचा. उंच इमारती पाहण्याची हौस त्यांस नव्हती. “शहर पाहायचे तर त्याची मंडई पाहावी आणि त्याच्या पंक्तीला बसावे,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी कन्येस बजावले.

आरंभ अर्थातच खाडीपासून झाला. दुबईची खाडी गावाचे दोन भाग करते. एका तीरावर देरा, दुसऱ्या तीरावर बर दुबई. मधून ‘अब्रा’ नावाच्या लाकडी होड्या थोडक्या पैशांत माणसे पार करतात. देराच्या मसाल्यांच्या गल्लीत हळद, वेलची, केशर, सुकवलेल्या गुलाबकळ्या आणि काळपट पडलेली वाळवलेली लिंबे पोत्यापोत्यांनी मांडलेली असतात. हे वाळके लिंबू, म्हणजे ‘लूमी’, अरबी भातास विशिष्ट आंबटपणा देते. गुरुजींनी एक लिंबू फोडून जिभेला लावले. कोकमाचे काम येथे लिंबू करीत आहे, असा त्यांनी निर्णय दिला.

परंतु मसाल्यांहून त्यांस अधिक मोह पडला तो शब्दांचा. स्थानिक अरबीत आंब्यास ‘हंबा’ म्हणतात, आणि त्यात आंबा हा शब्द ओळखण्यास पंडित असावे लागत नाही. पैशांस ‘बेझात’ म्हणतात. त्यात पैसा दडलेला आहे. सरळ जा म्हणावयाचे तर ‘सीदा’. या उसनवारीस इतिहासाचा आधार आहे. या किनाऱ्याचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि परतीच्या गलबतांतून तांदूळ, मसाले व कापड येथे येई. भारतीय रुपया हेच येथील चलन होते. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला. 1966 च्या अवमूल्यनानंतर तो मागे पडला आणि दिरहम अवतरला तो 1973 साली. आखाती बोलीत भातास ‘ऐश’ म्हणजे ‘जगणे’ असे नाव आहे. ज्या वाळवंटात भाताचे एक रोपही तरारले नसते, तेथे समुद्रापलीकडून आलेल्या तांदळालाच लोकांनी जीवन म्हटले, हे ऐकून गुरुजी बराच वेळ खाडीच्या पाण्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी मासळीबाजाराची फेरी झाली. ‘कनअद’ म्हणून जो मासा दाखविला गेला तो सुरमई, आणि ‘झुबैदी’ म्हणजे पापलेट. नावे परकी, पण डोळे, खवले आणि ताजेपणाची परीक्षा तीच. सुरमई घरी आणून कन्येने मॉरिशसच्या पद्धतीची ‘विंदाय’ केली. मोहरी, हळद, लसूण आणि शिरका यांत मुरवलेली. त्याच संध्याकाळी शेजारच्या एका मालवणी भगिनीने तिरफळे घातलेली आमटी धाडली. एकाच माशाची ही दोन रूपे एका टेबलावर आली. गुरुजींनी दोन्ही वाट्या रिकाम्या केल्या आणि श्रेष्ठतेचा निकाल मात्र शहाणपणाने राखून ठेवला.

शारजात न्याहारीस ‘बलालीत’ समोर आले. साखर, वेलची आणि केशर घातलेल्या गोड शेवया, आणि त्यांवर पसरलेली अंड्याची पोळी! गोड आणि खारट यांचा असा विवाह गुरुजींनी यापूर्वी पाहिला नव्हता; पण तिसऱ्या घासाला त्यांचा विरोध मावळला. ‘लुकैमात’ हे गुलगुल्यांचे अरबी भावंड. तळलेल्या पिठाच्या गोळ्यांवर खजुराचा पाक आणि तीळ. ‘रगाग’ ही तापल्या लोखंडी तव्यावर पिठाचा गोळा हाताने फिरवून केलेली कागदासारखी पातळ पोळी. ती करणाऱ्या बाईंच्या हाताची फिरकी पाहून त्यांस आजीचे घावन आठवले.

तेथून अल ऐन. येथील मरूद्यान 2011 मध्ये युनेस्कोच्या वारशात गेले. ‘फलज’ नावाच्या प्राचीन पाटांनी आणलेल्या पाण्यावर लक्षावधी पानांची सावली उभी आहे. पाळीपाळीने पाणी वाटून घेण्याची ती शिस्त पाहिल्यावर खजुराचे मोल कळते. खलास, फर्द, लुलू अशी त्याची अनेक नावे, आणि अर्धा पिकलेला, अर्धा मऊ ‘रुतब’ ही तर उन्हाळ्यापुरती मौज. अबू धाबीत कॉफीच्या सत्काराचे शास्त्र शिकणे झाले. ‘दल्ला’ या चोचीच्या भांड्यातून बिनकानाच्या छोट्या पेल्यात वेलचीची फिकट कॉफी ओततात. पुरे म्हणावयाचे तर पेला हलवावा, नाहीतर यजमान ओततच राहतो. गुरुजींस हे चौथ्या पेल्यानंतर कळले. गहू आणि मांस कित्येक तास मंद आचेवर शिजवून घोटलेले ‘हरीस’ 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. परंतु तो दिवस सोमवार असल्यामुळे त्यांनी त्याचा केवळ सुवास घेतला. परतीच्या वाटेवर जबल अलीस थांबणे झाले. तेथे 2022 साली खुल्या झालेल्या हिंदू मंदिरात दर्शन घडले आणि शेजारच्या गुरुद्वारात लंगरच्या पंक्तीस बसणे झाले. कारकून, सुतार, व्यापारी आणि वाहनचालक एकाच जमिनीवर मांडी घालून डाळरोटी खात होते.

येथवरची यात्रा कोणाही पाहुण्याची असती. पुढे जे घडले ते मात्र गिरमिटियाच्या पणतवासच घडावे असे होते.

या देशातील खरे सार्वत्रिक पेय कॉफी नव्हे, ‘करक’ होय. कडक या शब्दातील ‘ड’ अरबी जिभेस पेलला नाही, त्याचे करक झाले. डब्यातील आटवलेल्या दुधात उकळलेला हा दाट चहा शेख पितो आणि हमालही पितो. तो मिळतो रस्तोरस्तीच्या ‘कॅफेटेरियां’त. ही दुकाने बहुधा मलबारच्या लोकांनी चालविलेली. तेथेच पराठ्यात ‘चिप्स ओमान’ या बटाट्याच्या कापांचा चुरा आणि चीज घालून केलेली गुंडाळी मिळते. येथील शाळकरी पोरांची ती बालपणाची चव झाली आहे. भारतीयांच्या हातांनी या देशास एक राष्ट्रीय चव दिली, असे म्हणण्यास हरकत नाही.

अशा एका दुकानाबाहेर, दुपारी साडेबाराच्या सुमारास, जवळच्या बांधकामावरील माणसे सावलीत डबे उघडून बसली होती. दरवर्षी 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करविण्यास कायद्याने मनाई आहे. त्यांतील एकाच्या तोंडून कोकणी वळणाची मराठी ऐकू आली आणि गुरुजी थबकले. विचारपूस झाली. गाव कोणते? खेड तालुका, जिल्हा रत्नागिरी. गुरुजींनी आपल्या पणजोबांचा जिल्हाही तोच असल्याचे सांगितले. “मग घरचेच की!” असे म्हणून त्या माणसाने डब्याचे झाकण उलटे करून त्यात अर्धी चपाती आणि बटाट्याची भाजी वाढली. गुरुजी फरशीवर बसले आणि जेवले.

जेवता जेवता हकीकत निघाली. त्याला येथे चौदा वर्षे झाली होती. दोन वर्षांतून एकदा रजा. शक्यतो ती गणपतीत किंवा शिमग्यात बसवायची. गावी चिऱ्यांचे घर बांधून झाले, धाकट्या बहिणीचे लग्न झाले. मुलगी बारा वर्षांची. तिच्या आयुष्यातील किती दिवस तिच्याबरोबर काढले याची त्याने एकदा बोटांवर मोजदाद केली होती. पुन्हा केली नाही. कुटुंब येथे आणावयाचे तर पगार निदान 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि राहण्याची सोय, अशी अट आहे. त्याचा पगार त्या रेषेच्या बराच खाली होता. तक्रार करावी असा त्याचा स्वर नव्हता. हिशेब सांगावा तसे तो सांगत होता.

त्या रात्री गुरुजींनी कन्येपाशी विषय काढला. त्यांच्या पणजोबांस परतीची वाट जवळजवळ नव्हतीच. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापणारा कायदा त्यांनी सोसला, गावाची खबर त्यांस पुन्हा मिळाली नाही. परंतु त्यांनी बेटावर चूल मांडली, मुले वाढविली, आणि 12 मार्च 1968 रोजी त्यांची नातवंडे त्या भूमीची नागरिक झाली. खेडच्या माणसाचे गाव शाबूत आहे. दूरध्वनीच्या पडद्यावर तो रोज आपले अंगण पाहतो. पण त्याची चूल एका किनाऱ्यावर आहे आणि ताट दुसऱ्या. पोर्ट लुईच्या रस्त्यावर डाळपुरी विकणारा तेथलाच नागरिक आहे. गाडी त्याची, गिऱ्हाईकही त्याचेच. येथे करक उकळणारा नोकरीच्या परवान्यावर आहे. तो गेला तर चव राहील, हात राहणार नाहीत. “यात अधिक सोसले कोणी, बाबा?” कन्येने विचारले. गुरुजी म्हणाले, “ते मोजण्याचे माप माझ्यापाशी नाही. मला एवढेच कळते की त्याने आज मला आपल्या वाट्यातले दिले.”

निघण्याच्या आदल्या दिवशी कन्येने डाळपुऱ्या लाटल्या. शिजवून वाटलेली डाळ भरलेली ही पातळ पोळी मॉरिशसमध्ये जोडीनेच विकतात. त्याप्रमाणे जोड्या लावून, घेवड्याची रस्साभाजी आणि मिरचीची चटणी घेऊन बापलेक त्याच सावलीत गेले. खेडच्या माणसाने पहिला घास घेतला, विचार केला आणि हसून म्हणाला, “गुरुजी, पुरणपोळीच ही! तुमची मंडळी गूळ घालायला विसरली वाटते.”

ही पोळी मूळची बिहारी बांधवांची, मराठी घरांत होळीला पुरण अजून शिजते, असे गुरुजींनी त्यास समजावले. मग थोडे थांबून म्हणाले, “पण तुम्ही म्हणता तेही खोटे नाही. ऊस आमच्या माणसांनी तोडला. साखर मात्र जहाजात बसून निघून गेली.”

तो माणूस काही बोलला नाही. उरलेली जोडी त्याने कागदात गुंडाळून डब्यात ठेवली. खोलीवर आणखी सातजण होते, त्यांसही घास मिळावयास हवा होता. तीन वाजले. माणसे उठली, शिरस्त्राणे चढली. गुरुजींनी त्याच्या गावाचा पत्ता आपल्या वहीत मराठीत लिहून घेतला. पुढच्या वर्षी गणपतीत रत्नागिरीस जाण्याचा त्यांचा बेत आहे, आणि जिल्ह्यात त्यांस ओळखीचे असे आता एक घर आहे.